मेनेलाउस घरजावई की अजून काही?

खारेदाणे: मुलांसाठी ग्रीक पुराणकथांचं भाषांतर करतेय, मेनेलाउसपाशी अडलंय. हा मूळचा मायसिनीचा, अगामेम्नॉनचा धाकटा भाऊ, हेलनशी लग्न करून स्पार्टाला गेला आणि सासऱ्याच्या, म्हणजे टिंडारेउसच्या गादीवर बसला. मी 'घरजावई' लिहिलं तर संपादक म्हणतात विनोदी वाटतं, काढा. दुसरा शब्द?

उंबरठा: घरजावईच बरोबर आहे की. माझ्या आत्याचे यजमान घरजावई होते, आजोबांनी सातबारा त्यांच्या नावावर करून दिला तरी गावात शेवटपर्यंत "पाटलांचे जावई"च, स्वतःचं आडनाव कोणाला माहीतच नाही. मेनेलाउसचं तेच झालं असणार.

शुद्धमती: 'जामातृ-उत्तराधिकारी' म्हणा. नेमका आणि प्रतिष्ठित.

उंबरठा: पुस्तक मुलं वाचणारेत का तहसीलदार?

पाणपोई: पण मुलगा नसला की घरजावई आणतात ना? टिंडारेउसला तर कॅस्टर, पॉलिड्यूसीस हे मुलगे होते.

खारेदाणे: ते दोघं देवांत गेले, मग जावयाला बोलावणं गेलं असं सांगतात. पुढे मेनेलाउसचे दासीपासूनचे मुलगे बाजूला ठेवून स्पार्टाकरांनी ओरेस्टीसला राजा केलं, तो पुतण्या होताच, शिवाय मेनेलाउसच्या लेकीशी, हर्मायनीशी लग्न करून जावईही झाला.

पाणपोई: म्हणजे गादी लेकीकडूनच चालली की! मेनेलाउसचा आजा पेलॉप्स, त्यानंही हिप्पोडामियाशी लग्न करण्यासाठी रथाच्या शर्यतीत सासऱ्यालाच संपवला. आणि थीब्जच्या राणीशी लग्न करून राजा झालेला इडिपस?

उंबरठा: तो घरजावई कुठला, घरचाच मुलगा निघाला 😀

कोरा_कागद: विषयांतर, पण अगामेम्नॉन आणि मेनेलाउस अत्रेउसचे मुलगे ना, मग आत्रेय! अत्री ऋषींचा काहीतरी संबंध असणार, माझं फार जुनं मत आहे हे.

शुद्धमती: नुसता नाद जुळतो हो. प्लेटोनं 'क्रॅटिलस' या शब्दांच्या उगमावरच्या संवादात अत्रेउसची फोड 'न भिणारा' वगैरे केलीये, तीही ओढूनताणूनच. अपत्यवाचक प्रत्यय मात्र दोन्हीकडे आहेत, रघूचा राघव तसा अत्रेउसचा अत्रेइडीस.

कोरा_कागद: प्लेटोनं ओढलं तर चालतं, मी ओढलं की नाही.

खारेदाणे: अहो माझा मेनेलाउस राहिला, उद्या पानं द्यायचीत. "सासुरवाडीची गादी मिळाली" एवढंच लिहू का?

शुद्धमती: सासुरवाडी नव्हे, सासरवाडी.

उंबरठा: आमच्याकडे सासुरवाडीच म्हणतात.