वेबसाइटच्या ऑडिटमध्ये ४१२ चुका निघाल्या, आंब्याच्या हंगामाआधी कुठल्या दुरुस्त करू?

देवगडचा बागायतदार
नमस्कार मंडळी. आमची हापूसची कलमं आहेत, गेली सहा वर्षं स्वतःच्या वेबसाइटवरून पेट्या विकतो. ऑक्टोबरात साइट नव्याने करून घेतली आणि तेव्हापासून गूगलवरून येणारं गिऱ्हाईक जवळजवळ थांबलं. ऑडिट टूलने ४१२ चुका दाखवल्या: १८० फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) नाही, ९६ पानांना मेटा डिस्क्रिप्शन (गूगलच्या शोधात शीर्षकाखाली दिसणारा सारांश) नाही, ४० ठिकाणी ४०४ (पान सापडत नाही), साइट संथ, बाकी किरकोळ. सगळं करायला दोन महिने लागतील म्हणतात. मोहोर धरलाय, तेवढा वेळ नाही. सुरुवात कुठून करू?

साइटवाली ठाणे
दादा, ती यादी तूर्त मिटून ठेवा. टूल चुका मोजतं, पण तुमची पेटी कुठल्या पानावरून विकली जाते हे त्याला ठाऊक नसतं. सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) उघडा. त्यात १६ महिन्यांची आकडेवारी असते, म्हणजे मागचा अख्खा हंगाम सापडेल. सर्वाधिक क्लिक कुठल्या पानांवर होते ते पाहा आणि तीच पानं आज गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या नोंदीत, आहेत का ते तपासा.

देवगडचा बागायतदार
पाहिलं. निम्म्याहून जास्त क्लिक पेटी बुकिंगच्या पानावर होते. त्याचा जुना पत्ता आता ४०४ देतोय, आणि नव्या पानापुढे 'नोइंडेक्स टॅगमुळे वगळले' असं लिहिलंय!

साइटवाली ठाणे
मग हेच दुखणं. साइट तयार होत असताना गूगलला दिसू नये म्हणून लावलेला टॅग काढायचा राहून गेला. आजच काढायला सांगा. रोबॉट्स फाइलमध्येही (गूगलने कुठली पानं वाचायची ते सांगणारी फाइल) ते पान अडवलेलं नाही ना, हे बघा. तिथे अडवलं असेल तर टॅग काढल्याचं गूगलला कळणारच नाही. मग जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण. सगळे जुने पत्ते मुख्यपानाकडे वळवू नका, ज्याचं त्याला जोडा, आणि किमान वर्षभर ठेवा. शेवटी सर्च कन्सोलच्या यूआरएल (पानाचा पत्ता) तपासणीत जाऊन इंडेक्सिंगची विनंती करा. परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, म्हणून घाई करा.
चाळीसही ४०४च्या मागे लागू नका. जो माल आता विकतच नाही त्याचं पान ४०४ असणं बरोबरच आहे.

पुण्याचा वाचक
वेगाचं काम मात्र मागे टाकू नका असं माझं ठाम मत. तुमचं मुख्यपान मोबाइलवर उघडायला फार वेळ लागतो, वरचा बागेचा फोटो प्रचंड मोठा आहे. पानावरचा सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा. तो एक फोटो लहान केला तरी मोठा फरक पडेल. सर्च कन्सोलच्या वेगाच्या अहवालात सुधारणा उशिरा दिसेल, कारण तो २८ दिवसांच्या वापरावरून बनतो.

साइटवाली ठाणे
मान्य. पण टॅग आणि रिडायरेक्टनंतर. जे पान गूगलमध्ये नाहीच ते वेगवान करून गिऱ्हाईक येणार नाही.
डिस्क्रिप्शनने क्रमांक वाढत नाही. विक्रीच्या चार-पाच पानांना लिहा, पुरे. ऑल्ट टेक्स्ट दृष्टिहीन वाचकांसाठी खरंच गरजेचं आहे, फक्त पेट्यांच्या फोटोंपासून सुरू करा.

रत्नागिरीची माहेरवाशीण
बुकिंगच्या पानाचं शीर्षक नुसतं 'उत्पादने' आहे. लोक 'देवगड हापूस पेटी भाव' असं शोधतात. शीर्षकात तेच हवं, आणि पानावर डझन, फळाचं वजन, कुठे पोचवता ते. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं. त्यात तुमची नोंदणी असेल तर ठळक लिहा. मुंबईत राहून दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने घेतलाय मी, म्हणून सांगते.

देवगडचा बागायतदार
टॅग काढला, चौदा पत्ते वळवले. शीर्षक आज रात्री बदलतो. एकच शंका: दर वर्षी बुकिंगचं नवं पान करतो, यंदाही करू?

साइटवाली ठाणे
नको. पत्ता एकच ठेवा, त्यात साल घालू नका. भाव आणि तारखा तेवढ्या बदलत जा, जुन्या सालांची पानं त्याच पत्त्याकडे वळवा.