परदेशात हॉटेल-विमानतळाच्या वायफायवर कोणतं व्हीपीएन? (दुबई आणि युरोप, सोबत आईबाबा)

घाटमाथ्यावरची

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन आधी दुबईला भावाकडे आणि तिथून जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड असा बेत ठरतोय. बाबांना सकाळी चहाबरोबर शेअर्सचे भाव आणि बँकेतली शिल्लक बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आईचं सगळं जग व्हॉट्सॲपवर, त्यात रोज रात्री इचलकरंजीच्या मावशीला व्हिडिओ कॉल हवाच.

भाऊ म्हणतो फुकटच्या वायफायला हात लावू नका. ट्रॅव्हलवाला म्हणतो हॉटेलात वायफाय आहे, वेगळं काही घेऊ नका. आणि यूट्यूब उघडावं तर जो तो व्हीपीएन (आपलं इंटरनेट कुलूपबंद करून स्वतःच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) विकतोय.

तर, व्हीपीएन घ्यायचं का? घ्यायचं तर कोणतं? पैसे मोजायची तयारी आहे, पण दोन-तीन वर्षांचं एकदम नको. बँकेची ॲप त्यावर चालतात का? आणि दुबईत व्हीपीएन वापरलं की थेट तुरुंग, हे खरं का? बाबांचा फोन ॲन्ड्रॉइड, आईचा आणि माझा आयफोन. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कट्टेकरी

ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्या, वायफाय विसरा. हाय काय नाय काय.

तारतंत्री

कट्टेकरींना अनुमोदन, पण जरा सविस्तर लिहितो. पोटापाण्याचा धंदाच नेटवर्कचा आहे.

व्हीपीएनच्या जाहिराती अजून २०१० सालातच अडकल्या आहेत. त्या वर्षी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं. कॅफेच्या वायफायवर बसून शेजारच्याचं फेसबुक खातं दोन क्लिकमध्ये उघडता यायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनपुरतं एन्क्रिप्शन (मजकूर दुसऱ्याला न वाचता येईल असा सांकेतिक करणं) वापरायच्या, पुढचं सगळं उघडं. त्या बोंबाबोंबीनंतर हळूहळू जवळजवळ सगळे एचटीटीपीएसवर, म्हणजे पूर्ण एन्क्रिप्शनवर आले. आज तुमच्या बाबांची बँक, ब्रोकरचं ॲप, जीमेल, व्हॉट्सॲप, सगळं फोनमधून बाहेर पडतानाच एन्क्रिप्ट झालेलं असतं.

मग हॉटेलच्या वायफायवाल्याला दिसतं काय? सोसायटीच्या वॉचमनला दिसतं तेवढं. पार्सल कुठल्या दुकानातून आलं आणि कुठल्या फ्लॅटला गेलं ते कळतं, आत काय आहे ते नाही. म्हणजे बाबा अमुक बँकेची साइट बघतात हे त्याला कळू शकतं, शिल्लक आणि पासवर्ड नाही. व्हीपीएन लावलं की त्याला तेही कळत नाही, पण ती सगळी नोंद आता व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते. व्हिएन्नातल्या हॉटेलपेक्षा त्या कंपनीवर तुमचा भरवसा जास्त असेल तर जरूर घ्या. इतकाच तो व्यवहार आहे.

खरा धोका दुसरीकडेच आहे. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये एका माणसावर गुन्हा दाखल झाला. पर्थ, मेलबर्न आणि ॲडिलेड विमानतळांवर आणि चक्क विमानातसुद्धा हा स्वतःचं छोटं यंत्र लावून तिथल्या खऱ्या वायफायच्याच नावाचं दुसरं नेटवर्क सोडायचा. लोक जोडले की एक पान यायचं, 'पुढे जाण्यासाठी ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करा'. लोक इमानेइतबारे पासवर्ड टाकायचे. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना संशयास्पद नेटवर्क दिसलं म्हणून तो सापडला.

आता गंमत बघा. ते पान येतं तेव्हा व्हीपीएन सुरूच झालेलं नसतं. इंटरनेट मिळाल्याशिवाय व्हीपीएन जोडलं जात नाही, आणि त्या पानातून गेल्याशिवाय इंटरनेट मिळत नाही. म्हणजे जगातलं सगळ्यात महागडं व्हीपीएन असतं तरी ते लोक फसलेच असते.

म्हणून आईबाबांना एवढंच पढवा: वायफायच्या पानावर खोली क्रमांक, आडनाव, फार तर मोबाइल नंबर. गूगल, फेसबुक किंवा ईमेलचा पासवर्ड तिथे कधीही टाकायचा नाही. 'हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा' किंवा 'हे प्रोफाइल घ्या' असं म्हणालं की ते वायफाय सोडायचं. बँकेची साइट उघडताना ब्राउझरने लाल पान दाखवलं तर मागे फिरायचं, 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही.

आणि हॉटेलच्या वायफायवर कसलाही अपडेट आपणहून समोर आला तर घ्यायचा नाही. डार्कहोटेल म्हणून एक प्रकरण २०१४ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने उजेडात आणलं होतं. आशियातल्या भारी हॉटेलांत उतरणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांना वायफायवर खोटे अपडेट दाखवून लॅपटॉपमध्ये शिरकाव केला जायचा. तुमच्या बाबांमागे कुणी एवढं लागणार नाही, पण सवय चांगली. अपडेट घरूनच उरकून निघा.

बरदुबईकर

दुबईचं मी सांगतो, बरीच वर्षं इथेच आहे.

व्हीपीएन बाळगणं किंवा वापरणं हाच गुन्हा, असं नाही. इथल्या कंपन्या आणि बँका दिवसभर व्हीपीएनवरच चालतात. २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा आहे तो व्हीपीएन वापरून दुसरा गुन्हा करणं किंवा तो लपवणं हा. दंड मात्र डोळे पांढरे करणारा, ५ लाख ते २० लाख दिरहम, शिवाय कैदेची तरतूद आहेच.

गोची व्हॉट्सॲप कॉलची आहे. इथे व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं, पण कॉल लागत नाही. फेसटाइमचं तेच. लोक त्यासाठी सर्रास व्हीपीएन लावतात आणि 'काही होत नाही हो' म्हणतात. पाहुणे म्हणून आलेल्या साठीपुढच्या माणसांना मी तरी हा सल्ला देणार नाही. बोटिम हे ॲप इथे अधिकृतपणे चालतं, त्यावर व्हिडिओ कॉल होतो.

आणि भावाच्या घरी उतरताय ना? मग घरचं वायफाय आहेच. दुबईसाठी तुम्हाला व्हीपीएन लागतच नाही.

चौकस_चौकोन

फुकटवाली व्हीपीएन असतात ना ढिगाने? माझ्या भाच्याने एक टाकून दिलंय, मस्त चालतं. पैसे कशाला घालवायचे?

तारतंत्री

@चौकस_चौकोन, ते कुठलं आहे बघा आणि शक्यतो काढून टाका. सर्व्हर आणि बँडविड्थला पैसे लागतात, ते कुणीतरी कुठूनतरी काढणारच. 'होला' फुकट होतं. २०१५ मध्ये बाहेर आलं की वापरणाऱ्यांचंच इंटरनेट ते दुसऱ्या कंपनीमार्फत विकत होते. म्हणजे तुमच्या घरच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) कुणी भलताच काय काय करतोय. 'ओनावो' फेसबुकच्या मालकीचं होतं आणि लोक कुठली ॲप किती वापरतात ते फेसबुकला पोचवत होतं. ॲपलने २०१८ मध्ये ते हटवायला लावलं.

फुकटात बरं म्हणावं असं एक सांगतो: प्रोटॉन व्हीपीएनचा मोफत प्लॅन. डेटाची मर्यादा नाही, एका वेळी एकच उपकरण, देश आपल्याला निवडता येत नाही. पैसेवाले ग्राहक त्याचा खर्च भरतात, त्यामुळे गणित समजण्यासारखं आहे. विकतचं हवं तर मलवाड हे स्वीडनचं व्हीपीएन. महिना ५ युरो, वर्षानुवर्षं तोच दर, वर्षाचं घ्या म्हणून मागे लागत नाहीत, ईमेलसुद्धा मागत नाहीत. फक्त एक खाते क्रमांक मिळतो, तो जपून ठेवायचा. एका खात्यावर पाच उपकरणं, म्हणजे तुम्हा तिघांना पुरून उरेल. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या कचेरीत गेले होते आणि हात हलवत परतले, कारण द्यायला ग्राहकांची माहितीच नव्हती. जाहिरातीतल्या 'आम्ही नोंदी ठेवत नाही'पेक्षा मला हे जास्त पटतं.

जे घ्याल ते निघण्याआठवडाभर आधी घरी टाकून चालवून बघा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी आदेशानंतर ॲपल आणि गूगलने भारतीय स्टोअरमधून बरीच व्हीपीएन ॲप काढली. क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ त्यातलंच. तिकडे गेल्यावर शोधाशोध नको.

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. वरचं सगळं बरोबर, पण बँकेच्या ॲपबद्दल कुणीच बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी तीच आहे.

काही भारतीय बँकांची ॲप व्हीपीएन चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात. काही उघडतात, पण आयपी नेदरलँड्सचा दिसला की संशयाने खातं तात्पुरतं गोठवतात. माझ्या एका बँकेने हे करून वर शाखेत प्रत्यक्ष या म्हणून सांगितलं होतं. फ्रँकफर्टहून! त्यामुळे बँकेपुरतं व्हीपीएन बंद आणि फोनचा डेटा चालू, हेच सरळ. मलवाड, प्रोटॉन दोन्हींत ठराविक ॲप व्हीपीएनबाहेर ठेवायची सोय ॲन्ड्रॉइडवर आहे. बाबांच्या फोनवर बँक आणि ब्रोकर त्या यादीत टाकून द्या.

'मग व्हीपीएनमध्ये भारत निवडू' असं कुणाला वाटेल. २०२२ मध्ये सर्ट-इनने (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने) नियम केला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर, आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे. त्यावर एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन सगळ्यांनी भारतातले सर्व्हर गुंडाळले. यादीत 'इंडिया' अजून दिसतं, पण ते यंत्र बसलेलं असतं सिंगापूर किंवा लंडनला, नुसता आयपी भारतीय.

मी केलेला उद्योग सांगतो, कुणाला हौस असेल तर. पुण्याच्या घरी राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) चालू ठेवलाय, त्यावर टेलस्केल (आपलीच उपकरणं एकमेकांना जोडणारं व्हीपीएन) घालून त्याला एक्झिट नोड, म्हणजे इंटरनेटवर बाहेर पडायचं दार केलंय. इथे फोनवर टेलस्केल चालू करून तो नोड निवडला की माझं सगळं इंटरनेट सदाशिव पेठेतून बाहेर पडतं. बँकेला वाटतं साहेब घरीच आहेत. बऱ्याच घरगुती फायबरला स्वतःचा पब्लिक (बाहेरून थेट गाठता येणारा) आयपी नसतो, त्यामुळे जुन्या पद्धतीने राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल त्यातूनही वाट काढतं आणि घरगुती वापराला फुकट आहे. भारताबाहेरून न उघडणाऱ्या सरकारी साइटसुद्धा उघडतात. एकच कटकट, महावितरणचा गुरुवार. वीज गेली की मी पुन्हा परदेशात.

घाटमाथ्यावरची

बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. रास्पबेरी माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. युरोपसाठी ई-सिम घेतेच, आणि मलवाड एका महिन्यासाठी. पण माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं की व्हीपीएन टाकल्यापासून हॉटेलचं वायफाय जोडलंच जात नाही, ते काय प्रकरण?

तारतंत्री

ते हटकून होतं. वायफाय जोडलेलं दिसतं, व्हीपीएन 'कनेक्टिंग, कनेक्टिंग' म्हणत बसतं, आणि खोली क्रमांक विचारणारं पान काही येत नाही. कारण ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमधलं 'व्हीपीएनशिवाय जोडणी बंद' हे बटण चालू असतं. व्हीपीएन नाही म्हणून पान नाही, पान नाही म्हणून व्हीपीएन नाही.

आधी व्हीपीएन आणि ते बटण दोन्ही बंद करा, मग वायफाय जोडा. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाइप करा. ही साइट मुद्दाम एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेली आहे, म्हणजे वायफायवाल्याला तुम्हाला अडवून आपलं पान दाखवता येतं. खोली क्रमांक भरा, इंटरनेट आलं की व्हीपीएन लावा. फोनच्या सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) कधी काही भरलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक'वर ठेवा, तेही आडवं येतं.

त्यानंतरही व्हीपीएन चालत नसेल तर बहुधा हॉटेलने यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) अडवलेलं असतं आणि वायरगार्ड, म्हणजे बऱ्याच व्हीपीएनमागचं तंत्र, फक्त त्यावरच चालतं. ॲपमध्ये टीसीपीचा (डेटा पाठवायची दुसरी पद्धत) किंवा व्हीपीएन लपवण्याचा (ऑबफस्केशन) पर्याय असतो, तो निवडा. वेग कमी होईल, चालेल मात्र.

जर्मनीत आयसीई या वेगवान रेल्वेगाडीत बसलात तर 'वायफाय-ऑन-आयसीई' हे नेटवर्क बिनपासवर्डचं आहे. बोगद्यातून जाताना तुटतं, व्हीपीएन पुन्हा जोडायला वेळ खातं. तिथे मी तर लावतच नाही, बातम्या वाचायला कशाला हवंय?

तिखटजाळ_काकू

तुम्ही सगळे व्हीपीएन व्हीपीएन करताय, ओटीपीचं काय? आमच्या ग्रुप टूरमध्ये निम्म्या लोकांनी विमानतळावर भारतीय सिम काढून खिशात टाकलं आणि मग कार्डाचा ओटीपी येईना म्हणून टूर मॅनेजरच्या डोक्यावर बसले. यूपीआयवालं ॲपही सिम नसेल तर रुसतं.

भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, त्याचा डेटा रोमिंग बंद आणि डेटा ई-सिमवर. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या, प्रीपेड असेल तर त्याला रिचार्ज लागतो का तेही विचारा. बाबांचा फोन ई-सिम घेतो का ते आधी बघा, जुने ॲन्ड्रॉइड घेत नाहीत. नसेल घेत तर तुमच्या फोनचा हॉटस्पॉट. हॉटेलच्या वायफायपेक्षा लेकीचा हॉटस्पॉट केव्हाही बरा.

कट्टेकरी

काकू, तेच तर मी एका ओळीत म्हटलं होतं. हलके घ्या.

घाटमाथ्यावरची

काकू, बाबांचा फोन ई-सिम घेत नाही, आत्ताच बघितलं. हॉटस्पॉटच करते. @बरदुबईकर, बोटिम फक्त आईच्या फोनवर टाकलं तर पुरे ना?

बरदुबईकर

नाही नाही, मावशींकडेही लागेल. निघण्याआधी इचलकरंजीत कुणाकडून तरी टाकून घ्या आणि एक कॉल लावून बघा. नाहीतर इथून त्यांना 'आता हिरवं बटण दाबा' हे आयएसडीवर समजावत बसाल.