‘द बेल जार’ शॉक ट्रीटमेंटच्या विरोधात आहे का?

आरती_प
सिल्विया प्लाथची ही कादंबरी शॉकविरोधी, म्हणजे मानसिक आजारावर विजेचे झटके देण्याच्या उपचाराविरुद्ध आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

१९५३ चा उन्हाळा. शिष्यवृत्तीवर शिकणारी हुशार एस्थर ग्रीनवुड न्यूयॉर्कच्या एका मासिकात महिनाभर काम करते आणि घरी परतल्यावर पार ढासळते. झोप नाही, वाचन होत नाही, तीन आठवडे केस धुतलेले नाहीत. आज धुतले तरी उद्या पुन्हा धुवावे लागणारच, मग कशाला, असा तिचा हिशेब. नैराश्यातलं डोकं कसं चालतं हे मला तिथे कळलं.

पहिले डॉक्टर गॉर्डन. टेबलावर स्वतःच्या सुखी कुटुंबाचा फोटो. तिचं ऐकून घेतात आणि विचारतात काय, तर कॉलेज कुठलं. वर युद्धाच्या काळात तिथे किती सुंदर मुली होत्या ही आठवण. मग असा शॉक देतात की तिला वाटतं, मी एवढा कोणता गुन्हा केला होता? आणि शॉकनंतर पुन्हा तोच प्रश्न, तीच आठवण! पुढे डॉ. नोलन भेटतात. शॉक त्याही देतात, पण स्वतः सोबत राहून. त्यानंतर एस्थरला वाटतं, डोक्यावरची काचेची हंडी (हाच तो ‘बेल जार’) वर उचलली गेली, आत हवा आली. उपचार एकच, देणारी माणसं वेगळी.

संजय_कु
तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत. लोकांच्या लक्षात राहतो तो गॉर्डनच. आणि दोष लोकांचा नाही. पहिल्याच वाक्यात रोझेनबर्ग दांपत्याला, म्हणजे अमेरिकेत हेरगिरीच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या जोडप्याला, विजेच्या खुर्चीत मारल्याचा उल्लेख आहे. मृत्युदंडाची वीज आणि उपचाराची वीज लेखिकेनेच शेजारी आणून ठेवली.

माझ्या भावाला ईसीटी (हीच शॉक ट्रीटमेंट) सुचवली तेव्हा आमच्या घरात हीच कादंबरी पुढे केली गेली. तो जेवत नव्हता, बोलत नव्हता, तरी निर्णय लांबला. आता भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याशिवाय ईसीटी द्यायला बंदीच आहे. पहिल्या दिवशी शुद्धीवर आल्यावर भावाने चहा मागितला. त्या काळातलं थोडंफार तो विसरला, हेही खरं. पण तो उठून बसला. ते दिवस वाया गेले याचा मला अजून राग आहे.

निशिगंधा
मला एस्थरच आवडली नाही. रुग्णालयात जेवण वाढणारा कृष्णवर्णीय माणूस एका जेवणात दोन प्रकारच्या शेंगा आणतो, तर ही त्याच्या पोटरीवर लाथ मारते! आणि लेखिका त्याचीच टवाळी करते. हे पान कोणी चर्चेत घेत नाही. आजारी आहे म्हणून सगळं माफ, असं मी वाचू शकत नाही.

आरती_प
निशिगंधा, ते पान वाईटच आहे, त्याची बाजू मी घेणार नाही.

संजय, भीती एस्थरची आहे आणि ती लपवली नाही हे बरंच झालं. शॉक असेल तर आधी सांगेन असा शब्द नोलनने दिलेला असतो. एका सकाळी इतरांचा नाश्ता येतो, हिचा येत नाही. ती पांघरूण गुंडाळून कोनाड्यात लपते. झोंबतं ते हे, की नोलननेही फसवलं. नोलन येऊन तिला जवळ घेतात, रात्री सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती असं समजावतात. तुमच्या भावाला कोणी असं समजावलं होतं?

संजय_कु
हो. आमच्यासमोर एकदा आणि त्याला एकट्याला एकदा. म्हणूनच तो तयार झाला. पण तिथवर पोचायला आधी आईला दवाखान्याची पायरी चढावी लागली, आणि या पुस्तकाच्या धाकाने तीच अडली होती. आणखी एक. प्लाथच्या स्वतःच्या आयुष्यावर बेतलेलं हे पुस्तक जानेवारी १९६३ मध्ये लंडनला टोपणनावाने आलं आणि ११ फेब्रुवारीला प्लाथने आत्महत्या केली. हे ठाऊक असलेला वाचक एस्थरच्या बरं होण्यावर विश्वास कसा ठेवणार? घरात उपचाराचा निर्णय व्हायचा असताना हे पुस्तक कोणाच्या हातात देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

आरती_प
मी उलट म्हणेन. तेव्हाच द्या, पण नोलनची प्रकरणं वाचून होईपर्यंत परत घेऊ नका. आणि मग डॉक्टरांना थेट विचारा: भूल कोण देणार, विस्मरण कितपत होईल, शुद्धीवर येताना शेजारी कोण असेल?