‘इंधन घट’ म्हणजे इंधनाचा तुटवडा? फ्युएल सेलच्या वीजकेंद्राला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं मॉडेल केलंय. सांडपाणी केंद्रातला बायोगॅस एका नळीनं आत येतो, तो कमी पडला तर दुसऱ्या नळीनं नैसर्गिक वायू. मध्ये फ्युएल सेल, म्हणजे वायू न जाळता त्यापासून थेट वीज करणारं यंत्र, पलीकडे वीज. पाटीवर मुलांनी लिहिलं, ‘बायोगॅसवर चालणारे स्थिर इंधन घट वीज केंद्र’.

एका मुलीचे आजोबा पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, पण वाचनाची आवड दांडगी. त्यांनी विचारलं, “बाई, इंधनात घट झाली की मग हे केंद्र सुरू करायचं, असं आहे का?” तेवढ्यात आमच्याच एका सहकाऱ्यांनी विचारलं, “स्थिर वीज म्हणजे केसांवर फुगा घासल्यावर येते तीच ना?” दोघांनीही पाटीवर होतं तेच वाचलं होतं. मुलांचे चेहरे उतरले.

पाटी नव्यानं लिहायची आहे. इंधन घट, इंधन कोशिका, इंधन विजेरी, की सरळ फ्युएल सेल? आणि ‘स्टेशनरी’चं, म्हणजे एका जागी कायम बसवलेलं या अर्थाच्या शब्दाचं, काय करू?

प्रतिसाद १

ताई, ‘कोशिका’ आधी बाजूला ठेवा. हा हिंदीतला शब्द. आपल्याकडे सजीवांची ती पेशी आणि विजेचा तो घट, ही वाटणी शाळेच्या पुस्तकांतून पक्की झालेली आहे. ‘कोरडा विद्युतघट’ तुमची मुलं आठवीतच शिकून आली असतील.

‘विजेरी’ही नको. विजेरीत जे भरलंय ते संपतं, मग ती टाकून द्यायची नाहीतर पुन्हा चार्ज करायची. फ्युएल सेलमध्ये साठवण नसते. वायू आणि हवा येत राहील तोवर वीज येत राहते. वेल्समधल्या विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून अशी वीज करून दाखवली, आणि त्यांनी मात्र तिला वायूची बॅटरी अशा अर्थाचंच नाव दिलं होतं. तेव्हा हा घोटाळा इंग्रजीतही होता. पुढे नाव बदललं ते बरंच झालं.

प्रतिसाद २

मी सरळ ‘फ्युएल सेल’ लिहीन. मोबाइल, मोटार, बॉयलर चालतात ना आपल्याला? मुलांना पुढे हाच शब्द लागणार आहे.

प्रतिसाद ३

‘फ्युएल सेल’ लिहायला माझी हरकत नाही, कंसात तो असावाच. पण आजोबांना जे वाटलं त्याचा उलगडा केल्याशिवाय मराठी शब्द सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण चूक शब्दाची नाही, मांडणीची आहे.

मराठीत ‘घट’ दोन आहेत. एक तो घट, म्हणजे घडा. नवरात्रात आपण बसवतो तो. दुसरी ती घट, म्हणजे कमी होणं. ‘घट बसला’ आणि ‘घट झाली’ यांत कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण क्रियापद लिंग सांगतं. पाटीवर क्रियापद नसतं. शिवाय मुलांनी ‘इंधन’ आणि ‘घट’ सुटे लिहिले, तेही वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखे. ‘उत्पादनात घट’, ‘पाणीसाठ्यात घट’ रोज वाचणाऱ्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार? म्हणून शब्द जोडा आणि अनेकवचन करा: ‘इंधनघटांचे’. ती घट सहसा एकवचनातच येते. ‘घटांचे’ म्हटलं की घडेच समोर येतात. शास्त्रीय लिखाणात ‘इंधन-विद्युतघट’ असंही लिहितात. ते सगळ्यांत निःसंदिग्ध, पण पाटीला लांब होतं.

आणि घडा हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. ग्रोव्ह यांचे घट काचेची भांडीच होती, आत पातळ केलेलं गंधकाम्ल.

आता ‘इंधन’. हा शब्द ‘इन्ध्’ या धातूपासून आला. अर्थ पेटवणं. समिधाही त्यातलीच. आपल्या खेड्यांत तर इंधनाला सरळ ‘जळण’ म्हणतात. या यंत्रात मात्र इंधन जळत नाही, आणि मुलांना समजावून सांगायचा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे भोगावला कचऱ्यापासून बायोगॅस करून वीज करायचा प्रकल्प झाला. वायूवरची वीज नेहमीच्या पद्धतीनं करायची तर तो इंजिनात जाळायचा, दट्ट्या हलवायचा, दांडा फिरवायचा, मग जनित्र. इंधनघटात ज्योत नाही, दट्ट्या नाही. या वायूंतला मिथेन आधी वाफेनं फोडतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. मोठ्या केंद्रांत एक प्रकार वितळलेल्या कार्बोनेटच्या घटाचा असतो, साधारण ६५० अंश सेल्सिअसला चालणारा. हवेच्या बाजूला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि बाहेरून येणारे इलेक्ट्रॉन मिळून कार्बोनेट आयन होतात. ते वितळलेल्या क्षारातून पलीकडे जातात, हायड्रोजनशी संयोग पावतात, पाणी होतं, कार्बन डायऑक्साइड परत सुटतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. त्या इलेक्ट्रॉनना आतून वाट नसते, तारेतून फिरून जावं लागतं. ते तारेतून जाणं म्हणजेच आपली वीज.

म्हणून पाटीवर कुठेही ‘इंधन जाळून’ लिहू नका. ‘औष्णिक’ही नको. फताटेवाडीचं १३२० मेगावॅटचं एनटीपीसी औष्णिक, कारण तिथे कोळशाच्या उष्णतेची वाफ होते आणि वाफेची वीज. इंधनघट ६५० अंशाला असला तरी त्याची वीज उष्णतेतून येत नाही, रासायनिक क्रियेतून थेट येते. उष्णता वेगळी मिळते आणि ती वापरताही येते, उदाहरणार्थ सांडपाण्याचा गाळ कुजवायची टाकी कोमट ठेवायला.

‘स्टेशनरी’साठी ‘स्थिर’ का फसला ते तुमच्या सहकाऱ्यांनीच दाखवलं. वीज आणि स्थिर शेजारी आले की फुगाच आठवतो. माझं मत ‘स्थावर’. स्थावर-जंगम ही जोडी आपल्याला सातबाऱ्यापासून माहीत आहे, आणि सिद्धरामेश्वरांच्या गावात, आपल्या सोलापुरात, तर शरणांच्या वचनांपासून. अपोलो यानांत बसवलेले इंधनघट जंगम. ते अंतराळवीरांना वीज देत आणि प्यायचं पाणीही. दक्षिण कोरियात ह्वासाँगला २१ संच शेजारी शेजारी मांडून ५९ मेगावॅटचं केंद्र उभं केलंय, नैसर्गिक वायूवर. ते स्थावर.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर, ‘घट’च्या लिंगाचं मला सुचलंच नव्हतं. वर्गात फळ्यावर ‘घट बसला’, ‘घट झाली’ एवढंच लिहिलं आणि मुलांनी बाकीचं आपणहून सांगितलं. अजून दोन शब्द अडलेत. ‘स्टॅक’ आणि ‘बायोगॅस’. दुसऱ्याचं कारण सांगते. मॉडेल बघायला आलेले दोघं-तिघं ‘बगॅस’ म्हणाले आणि मुलांना विचारू लागले की साखर कारखान्यात हे कधीचंच आहे की!

प्रतिसाद ३

बगॅसचा गोंधळ आपल्या जिल्ह्यात होणारच, एवढे कारखाने आहेत. बगॅस म्हणजे उसाचं चिपाड. ते बॉयलरला जाळून सहवीज करतात. बायोगॅस हवेविना कुजण्यातून येतो, मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यातूनही येतो. म्हणजे एकाच आवारात दोन्ही असू शकतात. ‘गोबरगॅस’ म्हणू नका, तुमच्याकडे शेण नाही. ‘जैववायू’ चांगला शब्द आहे आणि बगॅसपासून लांबही आहे. पाटीवर तो घ्या, बोलताना बायोगॅस म्हणा.

मॉडेलमध्ये नळी आणि घट यांच्या मध्ये एक डबा दाखवलाय का? नसेल तर जरूर लावा, ‘वायू शुद्धीकरण’ लिहून. जैववायूत मिथेनच्या खालोखाल कार्बन डायऑक्साइड असतो. तो या प्रकारच्या घटाला बाधत नाही, उलट हवेच्या बाजूला लागतोच. पण सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आत गेला तर विद्युतअग्रांवरचं उत्प्रेरक निकामी होतं. सांडपाण्याच्या वायूत शाम्पू-क्रीममधून आलेली सिलिकॉनची संयुगंही असतात, तीही काढावी लागतात.

‘स्टॅक’ म्हणजे चवड. ‘ढीग’ नको, त्यात रचणं नाही. ‘थप्पी’ चालेल, चादरींच्या दुकानात तोच शब्द आहे. एका घटातून काम करताना ०.७ व्होल्टच्या आसपास मिळतं. त्यात काही चालत नाही. म्हणून शंभर घट एकावर एक रचायचे, की ७० व्होल्ट होतात. काही घट तर सिरॅमिकच्या पातळ, कडक चकत्यांचे असतात. आपल्या कडक भाकऱ्या डोळ्यांपुढे आणा. पातळ, कोरड्या, वाकत नाहीत, जोर दिला तर मोडतात, आणि नीट चवड लावली तरच प्रवासाला टिकतात. चवड हा शब्द त्या भाकऱ्यांनीच आपल्या तोंडी ठेवलाय.

पुन्हा प्रश्नकर्ती

पाटी अशी झाली: ‘जैववायू व नैसर्गिक वायूवर चालणारे इंधनघटांचे स्थावर वीजकेंद्र (फ्युएल सेल)’. खाली बारीक अक्षरात, ‘येथे इंधन जळत नाही’. मधल्या खोक्यावर ‘घटांची चवड’, त्याच्या आधीच्या डब्यावर ‘वायू शुद्धीकरण’. पुठ्ठ्याच्या चौकोनी पट्ट्या काढून मुलांनी गोल चकत्या कापल्या, एकावर एक बारा बसल्या. आजोबांना नातीनं काल पाटी वाचून दाखवली. ते म्हणाले, “आता घडे दिसले. पण जळत नाही तर मग त्याला जळण का म्हणायचं?” मुलीनं त्यांना समिधेची गोष्ट सांगितली. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही, आणि रविवारी ते शाळेत येऊन त्यावर बोलणार आहेत.