मदत हवी आहे: बसमार्गाच्या बैठकीला नेमकं कोणाला बोलवावं?

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला आमच्या भागातल्या बसमार्गांबद्दल रहिवाशांचं म्हणणं लेखी द्यायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

जरा वाचन केलं तेव्हा माल्टाचं उदाहरण सापडलं. अख्खा देश 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून लहान. जुलै 2011 मध्ये तिथली बससेवा एका झटक्यात बदलली. आधी अनेक बस चालकांच्याच मालकीच्या होत्या आणि बहुतेक मार्ग राजधानी व्हॅलेटाला जायचे. नव्या आराखड्यात मध्येच उतरून दुसरी बस धरायची वेळ आली. लोक वैतागले, मार्ग पुन्हा आखावे लागले. कागदावर नकाशा झकास असणार, यात शंका नाही!

आमच्याकडे तसं होऊ नये म्हणून आधी बसने जाणाऱ्यांचं ऐकायचंय. संध्याकाळी सातला बैठक ठेवली की निवृत्त काका मंडळी हजर. पण पहाटे पाट्या घेऊन चढणाऱ्या मासेवाल्या मावश्या, चार घरची कामं करणाऱ्या बायका येणार कधी? त्यांना थांब्यावरच गाठावं का? आणि शेअर रिक्षावाले? बस वाढली तर पोटावर पाय येईल ही त्यांची भीती खरी आहे. त्यांना सगळ्यांबरोबर बसवावं की आधी वेगळं बोलावं? एकत्र बसवलं तर भांडणातच वेळ जाईल असं मला वाटतं.

कोणी असं काम केलं असेल तर सांगा. मराठीत सोपी प्रश्नावली असेल तर फारच बरं, दोन पानांच्या आतली.