अलिबाग ते सावंतवाडी सागरी मार्गाने: पेंटॅक्स के१०००, सहा रोल. कुठे कुठला वापरावा?

रेवदंडकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये अलिबागहून निघून सागरी मार्गाने सावंतवाडी गाठायचा बेत आहे. सहा दिवस, स्वतःची गाडी. कॅमेरा पेंटॅक्स के१००० (फिल्मचा, सगळं हाताने लावायचा), लेन्स ५० मिमी एफ/२ एवढी एकच, सोबत ट्रायपॉड. फेरीबोटी, किल्ले, कातळशिल्पं (जांभ्यावर खोदलेली जुनी चित्रं) आणि वाटेवरची संग्रहालयं, प्रदर्शनं बघायची आहेत.

सहाही रोल ४०० चे (हा आयएसओ, म्हणजे फिल्मचा वेग; आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) घ्यावेत, म्हणजे उन्हातही चालतील आणि संग्रहालयाच्या आतही, असं मनात आहे. बरोबर आहे का? रोल उष्म्यापासून आणि खाऱ्या हवेपासून कसे जपायचे? फ्लॅश न वापरता आत फोटो मिळतील अशी थांबण्याजोगी ठिकाणं कोणती? आणि कातळशिल्पांचे बहुतेक फोटो सपाट का दिसतात?

अर्धा स्टॉप

सगळे ४०० नकोत. कारण तुमच्या कॅमेऱ्यातच आहे. के१००० चं शटर १/१००० सेकंदाच्या पुढे जात नाही. स्वच्छ उन्हात ४०० च्या रोलला १/५०० ला एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) लागतं, म्हणजेच १/१००० ला एफ/११. पुळणीवर वाळू आणि पाण्यामुळे उजेड आणखी एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) चढतो, तिथे १/१००० ला एफ/१६. माणूस ठळक आणि मागच्या होड्या पुसट असा फोटो हवा असेल तर तो मिळणारच नाही. २०० च्या रोलला त्याच उन्हात १/१००० ला एफ/८ मिळतं, थोडा श्वास घेता येतो.

माझी वाटणी अशी: बाहेरसाठी तीन कोडॅक गोल्ड २००, कातळशिल्पांसाठी एक कृष्णधवल इलफर्ड एफपी४ प्लस १२५, आणि आतल्या व रात्रीच्या कामाला दोन एचपी५ प्लस (तोही कृष्णधवल, ४०० चा). कोडॅकचा रंगीत एक्टार १०० कोकणात नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. जांभा आधीच लाल, त्यात एक्टार लाल रंग आणखी भडक करतो. चेहरे तांबडे येतात आणि एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) कमी पडलं की सावल्या निळसर होतात.

गोल्डला एक स्टॉप जास्त दिलेला चालतो, कमी दिलेला नाही. कमी पडलं की सावल्यांमध्ये चिखलासारखा दाणा येतो. म्हणून कॅमेऱ्याची आयएसओ डायल १०० वर ठेवूनच निघा.

खरी गोची नारळी-पोफळीच्या वाडीत होते. आत सावली, मध्येच कवडसे, आणि पानांमधून पांढरं आकाश. के१००० चा मीटर जवळजवळ सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, आकाश पाहून फसतो आणि वाडी काळी येते. मीटर आकाशाकडे धरूच नका. आपला तळवा सावलीत धरा, चौकट भरेल इतका जवळून मोजा आणि त्या आकड्यापेक्षा एक स्टॉप उघडा (म्हणजे छिद्र मोठं करा). मीटरशिवाय अंदाज हवा असेल तर दाट वाडीत शटर रोलच्या वेगाइतकं ठेवून (२०० ला १/२५०) एफ/४ ते एफ/२.८. पुळणीवर उलट: मीटर वाळूला राखाडी समजतो, तिथे तो सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप उघडायचं.

आणखी एक. रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडचा रीवाइंड नॉब फिरतोय ना, हे पाहा. आधी क्रँकने हलकेच ताण घ्या, मग पाहा. नॉब स्थिर असेल तर फिल्म स्पूलवर चढलेलीच नाही. काउंटर मात्र खुशाल पुढे जात राहतो.

हायपो

रोल जपण्याबद्दल. डिसेंबर आहे म्हणून गाफील राहू नका. उन्हात उभी केलेली बंद गाडी हिवाळ्यातही भट्टीसारखी तापते. रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात आणि उष्णतेने ते सारखे बिघडत नाहीत, त्यामुळे सावल्यांत एक छटा आणि उजळ भागात दुसरीच येते. ती स्कॅनमध्ये धड काढता येत नाही. रोल डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली कधीच नको. छोटा थर्माकोलचा डबा मागच्या सीटखाली ठेवा. आत बर्फ नको, वितळलेलं पाणी शिरतं. जेलची गार पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पुरते. कॅमेऱ्यातला रोलही रोलच असतो, म्हणून जेवायला उतरताना कॅमेरा सोबत घ्या.

फ्रीजमधून काढलेला रोल डबी न उघडता किमान तासभर बाहेर राहू द्या. लगेच उघडलात तर हवेतला ओलावा थेट इमल्शनवर (फिल्मच्या उजेड टिपणाऱ्या थरावर) बसतो. हेच कॅमेऱ्याचं. एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून थेट खाडीच्या दमट हवेत आणला की लेन्स आतून-बाहेरून धुकटते. उतरायच्या आधी कॅमेरा झिप पिशवीत बंद करा, बाहेर वीस-तीस मिनिटं तसाच ठेवा, मग काढा. घाईत समोरची काच पुसून आतलं धुकं जात नाही.

बोटीवर उडालेले तुषार वाळले की मिठाचे खडे उरतात. ते कोरड्या कापडाने पुसलेत तर लेन्सवरचं कोटिंग घासलं जातं. यूव्ही फिल्टर लावाच, आणि आधी गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड, मग कोरडं. रोल पुळणीवर बदलू नका. फिल्म ज्या फटीतून बाहेर येते तिथे मखमल असते, तिच्यात वाळूचा एक कण अडकला तरी रोलभर लांबच लांब सरळ ओरखडा उमटतो.

चामड्याची केस घरी ठेवा. ती ओलावा धरून ठेवते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. सिलिका जेलचे मणी रंग बदलले की जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा कामाला येतात. काढून झालेले रोल डबीत घट्ट बंद करा आणि परत आल्यावर महिनाभर कपाटात टाकू नका. ओल्या उष्म्यात न धुतलेली प्रतिमा फिकी पडत जाते.

मीटरचा सेल निघण्याआधी नवा टाका, एक एलआर४४ किंवा एसआर४४. मिळाला तर एसआर४४ घ्या, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सवर झाकण घालणं हेच बंद करणं.

सडेकरीण

दादा, सहा दिवसांत हा सगळा किनारा होतो, पण धावतपळत. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेऱ्या धरल्या तर गाडीचा मोठा वळसा वाचतो. फेरीवर फोटो काढताना कोपर कठड्यावर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. मोकळे उभे राहा आणि १/२५० च्या खाली जाऊ नका.

वेळापत्रक उजेड बघून आखा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. राजपुरीहून जंजिरा, हर्णैहून सुवर्णदुर्ग, मालवणहून सिंधुदुर्ग, हे तिन्ही किल्ले काठावरून दिसतात ते समुद्राच्या बाजूला, म्हणून त्यांच्यावर समोरून ऊन सकाळीच पडतं. दुपारनंतर फक्त काळी आकृती. ती हवी असेल तर संध्याकाळी जा, पण तटाचे दगड दाखवायचे तर दहाच्या आत.

कातळशिल्पं सपाट येतात कारण लोक ती दुपारी काढतात. खोदलेल्या रेषा उथळ असतात आणि वरून ऊन पडलं की रेषेच्या दोन्ही कडा सारख्याच उजळतात. सूर्य खाली असताना, म्हणजे उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंत आणि पुन्हा साडेचारनंतर, तिरप्या उन्हात एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. तेवढ्याच वेळात चित्र उठून दिसतं. कृष्णधवल रोलवर नारिंगी फिल्टर लावा. सावलीला उजेड निळ्या आकाशाचा असतो, नारिंगी काच तो अडवते आणि सावली आणखी काळी होते. वर जांभा उजळतो. पण मीटरवर विसंबू नका, जुने मीटर लाल उजेडाला जरा जास्तच भुलतात. फिल्टर न लावता मोजा आणि दोन स्टॉप उघडा.

तुमच्या वाटेवर काशेळी, बारसू, देवाचे गोठणे आहेत, मालवणजवळ कुडोपी. ही चारही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणातल्या नऊ ठिकाणांपैकी आहेत. काशेळीचा हत्ती इतका प्रचंड आहे की ५० मिमीने उभ्याने तो अख्खा मावत नाही. सोंड, पाय, पोटातले छोटे प्राणी असे तुकडे घ्या. देवाचे गोठणेला होकायंत्राची सुई भरकटते, लाइटमीटरला मात्र काही होत नाही, तेव्हा घाबरू नका! रेषांवर खडू फिरवणं, पाणी ओतणं, आत पाय ठेवणं कृपया नको. ट्रायपॉडचे पायही शिल्पाबाहेर.

संग्रहालयांपैकी रत्नागिरीचा थिबा पॅलेस (१९१० चं बांधकाम) सोमवारी बंद असतो, ते धरून दिवस ठरवा. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम आहे, शिवाय चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं. तिथे मालकाला विचारून खिडकीच्या उजेडात काढा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण कुडाळजवळच्या पिंगुळीचं ठाकर आदिवासी कला आंगण सोडू नका. चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या) पोथ्या, चामड्याच्या आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत. हे आंगण उभारणारे परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जुन्या कागदावरच्या रंगांना फ्लॅश नकोच. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं बघायची हौस असेल तर सावर्डे आणि देवरुख आहेत, पण ती आतल्या बाजूला. सागरी मार्ग सोडावा लागेल आणि तारखा आधी फोन करून विचाराव्या लागतील.

काचेमागची वस्तू काढताना रबरी हूड काचेला टेकवा, नाहीतर काळा रुमाल लेन्सभोवती धरा. तुमचा पांढरा शर्टच फोटोत पहिला दिसतो.

रेवदंडकर

फार उपयोगी, आभार. ४०० चा हट्ट सोडला. दोन शंका राहिल्या. अर्धा रोल झाल्यावर रात्री दशावतार बघायला मिळाला तर रोल बदलता येईल का? आणि एचपी५ घरी धुवायचा आहे, नळाचं पाणी २७ अंश असतं.

हायपो

बदलता येतो. किती फोटो झाले ते टेपवर लिहून रोलला चिकटवा. तळाचं बटण दाबून सावकाश गुंडाळा. ताण एकदम सुटल्याचं हाताला कळतं, तिथेच थांबा, म्हणजे टोक बाहेर राहतं. तोच रोल पुन्हा भरताना झाकण लावून, १/१००० आणि एफ/२२ वर, लिहिलेल्या आकड्याच्या दोन पुढे जाईपर्यंत क्लिक करत राहा. दोन फोटो वाया जातात, पण एकावर एक चढत नाहीत.

दशावताराला एचपी५ हा १६०० चा धरून (डायल १६०० वर ठेवून) काढा: १/६० ला एफ/२ पासून सुरुवात करा आणि चेहऱ्यावर मोजा, मागच्या पडद्यावर नाही. पूर्ण रोल १६०० लाच काढावा लागतो, मधूनच ४०० करता येत नाही. धुताना आयडी-११ (हा डेव्हलपर) मूळ द्रावणात २० अंशांना १४ मिनिटं. ४०० ला काढलेला असेल तर १+१ मध्ये (तितकंच पाणी मिसळून) १३ मिनिटं.

२७ अंशांना वेळ इतका खाली येतो की मूळ द्रावणातलं ४०० चं डेव्हलपिंग चार मिनिटांच्या आसपास उरकतं, आणि पाचच्या खाली गेलं की आकाशात पट्टे येतात. म्हणून १+१ च घ्या. परातीत बर्फाचं पाणी करून बाटल्या २४ अंशांपर्यंत आणा आणि १३ ऐवजी ९ मिनिटं धरा. २० साठी झगडायची गरज नाही. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या दोन-तीन अंशांत ठेवा. वाळवायला पंखा बंद असलेली न्हाणीघरासारखी खोली बघा, आधी गरम पाणी सोडून वाफ धरा म्हणजे धूळ खाली बसते.

अर्धा स्टॉप

ट्रायपॉडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. संधिप्रकाशात एचपी५ ला मीटरने १० सेकंद सांगितले तर २० द्या, एफपी४ ला १८. दीर्घ एक्स्पोजरला फिल्मची संवेदनक्षमता उतरते. आणि ओल्या पुळणीवर ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रोवा. लाट परतताना खालची वाळू सरकते आणि वीस सेकंदांत कॅमेरा कलतो.