24 तास सरळ रेघ म्हणजे टिकाऊ कॅटॅलिस्ट?

जुनी_खोड
काल एकाने ग्राफ टाकला. विजेने पाणी फोडण्यासाठी निकेल-आयर्नचा नवा कॅटॅलिस्ट, चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपियर, 24 तास चालवला, व्होल्टेजची रेघ हलली नाही, सबब 'उद्योगासाठी सज्ज'. खाली अभिनंदनांची रांग. राहवलं नाही म्हणून हा धागा.

जरा हिशोब करा. 10 मिलिअँपियरने 24 तासांत 864 कूलोम जातात. पीईएम (आम्लधर्मी पडद्याच्या) स्टॅकमध्ये, म्हणजे प्लांटमधल्या सेलच्या चळतीत, तेवढ्याच जागेवर 2 अँपियर चालतात, तिथे तेवढा चार्ज 7 मिनिटांत जातो. 7 मिनिटं उभं राहिल्याबद्दल हार घालायचे?

शिवाय स्टॅककडून 80,000 तासांची अपेक्षा असते. तासाला 5 मायक्रोव्होल्ट चढले तर शेवटी 400 मिलिव्होल्ट होतात. तीच चढण 24 तासांत 0.12 मिलिव्होल्ट. खोलीतला एसी बंद झाला तरी रेघ याहून जास्त हलते. म्हणजे तुमच्या ग्राफमध्ये ऱ्हास असला तरी दिसणारच नाही.

रात्रपाळी
उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. आमच्याकडे सात जणांत दोन पोटेन्शिओस्टॅट (सेलला मोजून वीज देणारी यंत्रं). हजार तास म्हणजे जवळपास 42 दिवस. एवढे दिवस चॅनल अडवला तर बाकीचे मला सेलसकट बाहेर ठेवतील. आणि 10 मिलिअँपियर हवेतून आलेले नाहीत. साधारण 10 टक्के कार्यक्षमतेच्या, सूर्यप्रकाशावर पाणी फोडणाऱ्या उपकरणाचा तो करंट आहे. चाळणी म्हणून पुरतो.
बाय द वे, निकेल-आयर्नला पीईएमचा हिशोब? आम्लात ते विरघळून जाईल, साहेब.

जुनी_खोड
पीईएम चुकलं. अल्कलाइन, म्हणजे क्षारावर चालणाऱ्या स्टॅकचा अर्धा अँपियर धरा, 29 मिनिटं होतात. झालं समाधान? चाळणी असेल तर चाळणी म्हणा, 'दीर्घकालीन टिकाऊपणा' कशाला? आणि तुमचं 1 मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) खोलीच्या तापमानाला. प्लांटमध्ये ते 30 टक्के, 80 अंशांच्या आसपास.

मराठीप्रेमी
'उत्प्रेरक' असा सुंदर शब्द असताना कॅटॅलिस्ट का?

रात्रपाळी
उत्प्रेरक लिहिल्याने तो विरघळायचा थांबणार असेल तर आजपासून लिहितो.

काचेचा_बीकर
सगळं सोडा, काउंटर इलेक्ट्रोड (सर्किट पुरं करणारा समोरचा इलेक्ट्रोड) कोणता होता ते विचारा! मी हायड्रोजनसाठी एक सल्फाइड तपासत होतो, आम्लात. तीन आठवडे रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा चांगला आकडा. सरांनी पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं. मग एक्सपीएस (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी चाचणी) केलं तर माझ्या नमुन्यावर प्लॅटिनम! काउंटरची तार विरघळून गुपचूप इकडे येऊन बसत होती. ग्राफाइटची कांडी लावली आणि चमत्कार संपला.

बुडबुडा
ग्राफाइट तरी कुठे सोवळं आहे? झिजतं, पाण्यात काळी भुकटी दिसते. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये फ्रिट (सच्छिद्र चकती) घाला.

काचेचा_बीकर
फ्रिट काचेचाच ना? क्षारात काच झिजते, तिच्यातून लोह सुटतं. केओएचमध्येही लोहाचे अंश असतातच. त्या लोहानेच निकेल 'सुधारतं', हे कॉरिगनने 1987 मध्ये दाखवलं, तरी लोक अजून शुद्ध निकेलचं कौतुक करतात. टेफ्लॉनचा सेल वापरा.

बुडबुडा
नाव काचेचा बीकर आणि सल्ला टेफ्लॉनचा!

असो. फिरत्या डिस्क इलेक्ट्रोडवर बुडबुडे कॅटॅलिस्टच्या थरात अडकतात, व्होल्टेज चढतं, आणि लोक 'कॅटॅलिस्ट मेला' लिहून मोकळे होतात. थोडी विश्रांती दिली की मेलेला उठून बसतो. उलट थर जाड असेल तर अर्धा विरघळला तरी रेघ सरळ. द्रावणात किती धातू उतरला ते मोजा. इरिडियमसाठी 2018 पासून 'स्टॅबिलिटी नंबर' आहे: एक अणू विरघळेपर्यंत ऑक्सिजनचे किती रेणू निघाले.

रात्रपाळी
द्रावणातला धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएससमोरची रांग तुम्ही धरता का?
माझं एक ऐका. 61व्या तासाला वीज गेली. परत सुरू केलं तर 40 मिलिव्होल्ट वर. 'तांत्रिक व्यत्यय' म्हणून तो भाग कापला आणि 60 तास छापले.

जुनी_खोड
अहो, तीच तर खरी चाचणी होती! अल्कलाइन स्टॅक बंद केला की उलटा करंट वाहतो आणि निकेलच्या कॅथोडचं ऑक्सिडेशन होतं. सौर विजेवर हे रोज होणार. तुम्ही नेमका तोच भाग कापलात?

रात्रपाळी
माझा ॲनोड होता (ऑक्सिजनची बाजू), कॅथोड (हायड्रोजनची) नव्हे. पण हो, कापला. पुढच्या वेळी बटण मुद्दाम बंद करीन, तुमच्या नावाने.

नवा_इलेक्ट्रोड
तो ग्राफ माझा. हो, काउंटर प्लॅटिनमच होता. पण मी ऑक्सिजन काढत होतो, म्हणजे तारेवर हायड्रोजन सुटत होता. तिथे ती विरघळेल कशी? आधी बाजू बघा, मग बोंबला.

काचेचा_बीकर
बरं, तार निर्दोष. सेल कसला होता?

नवा_इलेक्ट्रोड
काचेचा.

काचेचा_बीकर
मग तुमच्या निकेल-आयर्नचं गळलेलं लोह काच परत भरून देत असेल. टेफ्लॉनमध्ये 24 तास चालवा आणि या. हार तोवर ठेवून देऊ.